स्टोक मँडविलची ऐंशी वर्षे : एका अवघड अवयवाभोवती उभी राहिलेली संस्था

लंडनच्या वायव्येला बकिंगहॅमशर परगण्यात एल्सबरी नावाचे गाव आहे. गावाच्या कडेला स्टोक मँडविल रुग्णालय आणि त्याच्या आवारात मज्जारज्जूच्या दुखापतींचे राष्ट्रीय केंद्र. हे केंद्र १ फेब्रुवारी १९४४ रोजी सुरू झाले. २०२४मध्ये त्याने ऐंशी वर्षे पूर्ण केली. आपल्याकडे माणसाने ऐंशी ओलांडली की सहस्रचंद्रदर्शन करतात. संस्थेचे कुणी करत नाही, पण इथे अपवाद करायला हरकत नसावी. या केंद्रात पहिल्या वर्षी जे तरुण दाखल झाले त्यांचे उरलेले आयुष्य त्या वेळचे वैद्यक महिन्यांत मोजत होते. त्यांच्यातले आणि त्यांच्या मागून आलेले कितीतरी जण नातवंडे पाहून गेले.

स्टोक मँडविल म्हटले की लोकांना पॅरालिम्पिक आठवते आणि ते योग्यच आहे. खेळांवर आजवर भरपूर लिहिले गेले आहे. म्हणून या लेखात खेळांना ओझरता स्पर्श करून मी मुख्यतः लघवीबद्दल लिहिणार आहे. स्मरणिकेच्या गुळगुळीत कागदावर हा शब्द छापताना संपादक मंडळ थोडे चुळबुळेल याची कल्पना आहे. पण कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाच्या घरी जो राहिला आहे, त्याला ठाऊक असते की पाय चालत नाहीत ही गोष्ट घर हळूहळू पचवते. रात्री दोन वाजता लघवी तुंबते, किंवा नेमकी पाहुण्यांसमोर सुटते, ते पचत नाही. या संस्थेचे मोठेपण मला तिथे दिसते. तिने या प्रश्नाला रुग्णालयातल्या सगळ्यात वरच्या माणसाचे काम मानले.

केंद्र सुरू होण्याआधी

प्राचीन इजिप्तच्या एका वैद्यकीय पपायरसमध्ये मानेचा मणका सरकलेल्या माणसाचे वर्णन आहे. हातापायांची संवेदना गेलेली आणि नकळत थेंब थेंब लघवी गळणारी. वैद्याला सल्ला असा, की या दुखण्यावर उपचार करू नयेत. पुढची काही हजार वर्षे हा सल्ला बहुतेकांनी पाळला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी नोंदवले, की मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या काही आठवड्यांतच दगावले. कारणे दोन : शय्याव्रण, म्हणजे आपले नेहमीचे बेडसोर, आणि लघवीच्या नळीवाटे आत गेलेले जंतू.

याची यंत्रणा थोडी समजून घ्यायला हवी, नाही तर पुढची गोष्ट लागणार नाही. मूत्राशय भरले की निरोप मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकाशी, माकडहाडाच्या वरच्या भागाशी जोडलेल्या केंद्रात जातो आणि तिथून मेंदूकडे. थांब की सोड, हे मेंदू ठरवतो. मज्जारज्जू मध्येच तुटला की ही ये-जा बंद पडते. दुखापतीनंतरचे काही आठवडे मूत्राशय पार सैल असते. ते भरत जाते, ताणत जाते आणि शेवटी वरून सांडू लागते. लघवी गळते आहे म्हणजे होते आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात आत अर्धा-पाऊण लिटर साचलेले असते. नंतर खालचे केंद्र स्वतःच्या मर्जीने जागे होते आणि वरून हुकूम नसताना मूत्राशय आकसू लागते. त्याच वेळी दाराशी असलेला झडपेचा स्नायूही आवळला जातो. आतून रेटा, बाहेरून अडसर. दाब वाढतो, लघवी उलटी मूत्रपिंडांकडे चढते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. जुने रुग्ण जखमेने मेले नाहीत, या उलट्या प्रवाहाने मेले.

१९१७ साली साइलेशियातल्या एका अपघात रुग्णालयात अठरा वर्षांचा एक मुलगा मदतनीस म्हणून काम करत होता. पाठ मोडलेला एक धडधाकट खाणकामगार तिथे आला. त्याला प्लास्टरमध्ये घातले, भोवती पडदे ओढले आणि मुलाला सांगण्यात आले की फार लिहीत बसू नकोस, हा काही आठवड्यांचा सोबती आहे. पाचेक आठवड्यांनी तसेच झाले. लघवीचा संसर्ग आणि शय्याव्रण एकत्र येऊन रक्तात पू झाला. त्या मुलाचे नाव लुडविग गुटमान.

१९४०चे दशक : वॉर्ड एक्स

गुटमान पुढे ब्रेस्लाऊमध्ये ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली मज्जासंस्थेचे नावाजलेले तज्ज्ञ झाले. ज्यू असल्यामुळे नाझींनी त्यांना सरकारी रुग्णालयातून काढले. मग ते तिथल्या ज्यू रुग्णालयात गेले आणि त्याचे प्रमुख झाले. नोव्हेंबर १९३८च्या ज्यूविरोधी दंगलीच्या रात्री दाराशी येईल त्याला दाखल करून घ्या, असा हुकूम त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी गेस्टापोपुढे एकेका खाटेपाशी उभे राहून त्यांनी रोगांची नावे रचून सांगितली आणि बहुतेकांना वाचवले. १९३९च्या मार्चमध्ये बायको आणि दोन मुलांसह ते ऑक्सफर्डला पोचले.

युरोपात दुसरी आघाडी उघडणार हे १९४३मध्ये स्पष्ट दिसत होते. पाठीत गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार, त्यांच्यासाठी खास विभाग हवा असे मज्जातज्ज्ञ जॉर्ज रिडॉक यांचे म्हणणे होते. त्यांनी गुटमान यांना विचारले. गुटमान यांची अट एकच होती : माझ्या पद्धतीने काम करू द्या, मध्ये कुणी नको. ऑक्सफर्डमधले सहकारी हळहळले. चांगले संशोधन सोडून हा माणूस या निराशेच्या खड्ड्यात का उतरतो आहे, असे त्यांना वाटले. पंचवीसेक खाटा, एक बसकी युद्धकालीन इमारत आणि अपुरी माणसे एवढ्यावर काम सुरू झाले. त्या खोलीचे नाव वॉर्ड एक्स.

सैनिक येत ते प्लास्टरमध्ये जखडलेले. प्लास्टर फोडले की खाली हाडापर्यंत गेलेल्या जखमा. बऱ्याच जणांच्या बेंबीखाली भोक पाडून मूत्राशयात नळी घातलेली असे. रणांगणावरच्या डॉक्टरला तेच सोयीचे होते, पण ती नळी आठवडे न् आठवडे आत राही आणि लघवी पुवासारखी गढूळ होई. पेनिसिलिन त्या सुमारास लष्कराला मिळू लागले होते, पण लघवीत वाढणाऱ्या बऱ्याच जंतूंपुढे ते लंगडे पडे. औषधावर भिस्त ठेवून चालणार नव्हते. जंतू आत जाऊच नयेत, हा एकच मार्ग उरत होता.

गुटमान यांनी प्लास्टर बंद केले. उशांच्या आधाराने रुग्णाला निजवायचे आणि दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. हे काम लष्करातून आलेले मदतनीस तिघातिघांच्या तुकड्यांनी करत. रात्रीची पाळी चुकत तर नाही ना, हे पाहायला गुटमान अपरात्री स्वतः वॉर्डात हजर होत. ते करडे होते, हट्टी होते आणि कुणाची भीडभाड ठेवत नसत. रुग्ण त्यांना पाठीमागे, आणि पुढे पुढे तोंडावरही, ‘पॉपा’ म्हणत. त्या काळी कुणाचे कुणाशी कसे जमले किंवा बिनसले याच्या कथा पुष्कळ आहेत. त्या उगाळण्याचे हे ठिकाण नव्हे. एवढे खरे, की त्यांच्या धाकाखाली टिकलेल्या परिचारिका, मदतनीस आणि व्यायामतज्ज्ञांनीच हा वॉर्ड चालवला आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत.

आता नळी. युद्ध संपल्यावरच्या वर्षांत गुटमान यांनी जी पद्धत बसवली, तिचे तत्त्व साधे होते. नळी कायम आत ठेवायची नाही. ठरावीक तासांनी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि काढून घ्यायची. प्रत्यक्षात ते सोपे नव्हते. डॉक्टरने हात धुऊन, तोंडाला फडके बांधून, निर्जंतुक झगा आणि हातमोजे घालून बसायचे. रुग्णाची जागा औषधाने पुसून भोवती निर्जंतुक कापड अंथरायचे. नळीला बोट लावायचे नाही. ती चिमट्याने धरून, वंगण लावून, घाई न करता आत सरकवायची. लघवी येऊ लागली की खालच्या पात्रात धरायची, ओटीपोटावर हलका दाब द्यायचा आणि किती मिलिलिटर निघाली ते तक्त्यात लिहायचे. पुन्हा काही तासांनी तेच. लघवी आपोआप होऊ लागली आणि मागे उरणारे प्रमाण घटले, की नळीच्या वेळा कमी करत न्यायच्या.

सुरुवातीला हे काम डॉक्टरनेच करायचे, हा गुटमान यांचा दंडक होता. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात जाऊन पाहावे. नळी घालणे हे सगळ्यात नव्या, सगळ्यात झोप उडालेल्या पोराकडे ढकललेले काम असते. इथे नेमके उलटे केले गेले, आणि माझ्या मते सगळा फरक त्यातून पडला.

१९४७ साली गुटमान आणि शरीरक्रियातज्ज्ञ डेव्हिड व्हिटरिज यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत दुखापत झालेल्या रुग्णांचे मूत्राशय ताणले की काय होते, ते त्यांनी मोजले होते. रक्तदाब एकाएकी भडकतो, डोके ठणकते, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो आणि नाडी मात्र मंदावते. खाली मूत्राशय भरल्याचे रुग्णाला कळत नाही. शरीर मात्र वरून ओरडत असते. वेळीच लक्ष दिले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आज मानेच्या दुखापतीचा रुग्ण घरी पाठवताना घरच्यांना बजावले जाते : डोके दुखू लागले तर गोळी शोधू नका, आधी त्याला उठवून बसवा आणि नळी कुठे पिळली आहे का ते पाहा. या सूचनेचे मूळ त्या निबंधात आहे.

श्रेय एकट्या स्टोक मँडविलला देणे मात्र न्यायाचे होणार नाही. अमेरिकेत बोस्टनला डोनाल्ड मन्रो यांनी १९३६पासून अशा रुग्णांचा वेगळा विभाग चालवला होता आणि मूत्राशय ठरावीक लयीत भरून रिकामे करणारी एक योजना तयार केली होती. आत फुगणाऱ्या फुग्याने जागेवर राहणारी नळीही अमेरिकेतलीच. ती फ्रेडरिक फोली यांची. आपल्या वॉर्डातल्या आयाबाई ‘फॉलीज’ म्हणतात ती हीच.

आणि खेळ. २९ जुलै १९४८ला, लंडन ऑलिम्पिकच्या उद्‌घाटनाच्या दिवशी, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांनी चाकाच्या खुर्चीत बसून धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. चौदा पुरुष, दोन स्त्रिया. ताप नसलेला, मूत्राशय ताब्यात असलेला माणूसच दिवसभर उन्हात बसून बाण मारू शकतो, एवढेच इथे नोंदवतो.

१९५०चे दशक

हे दशक पसरण्याचे. लष्करी पेन्शन खात्याकडे असलेला विभाग आरोग्य खात्याकडे आला. सैनिकांच्या जोडीला खाणीत दबलेले, छपरावरून पडलेले, मोटारसायकलवरून आपटलेले लोक येऊ लागले, स्त्रिया येऊ लागल्या. रुग्णांनी सुतारकाम किंवा घड्याळ दुरुस्ती शिकून कामाला लागावे आणि कर भरावा, हा गुटमान यांचा आग्रह होता. कर भरणारा नागरिक हा त्यांचा आवडता मापदंड. कामावर जायचे तर आठ तास कोरडे राहता आले पाहिजे, म्हणून रुग्णाला घरी सोडण्याआधी त्याचे मूत्राशय काही शिस्तीत आणणे भाग होते. ओटीपोटावर बोटांनी थापट्या मारल्या की आकसण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते आणि लघवी होते. पुरुषांना पायाला बांधायची पिशवी मिळे. स्त्रियांसाठी अशी कोणतीच बाहेरची सोय नव्हती. त्यांच्या वाट्याला कपड्यांच्या घड्या आल्या आणि पाणी कमी पिण्याची सवय आली. ही उणीव केंद्राच्या इतिहासात फारशी बोलली जात नाही.

१९५२ला नेदरलँड्सचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाल्या. जोन स्क्रटन यांनी स्पर्धांची आणि केंद्राची कचेरी ज्या चिकाटीने सांभाळली, तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९६०चे दशक : ४७६ रुग्णांची नोंद

१९६०ला रोममध्ये २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू जमले. पुढे तीच पहिली पॅरालिम्पिक मानली गेली. खेळाडूंच्या निवासाला जिने होते, म्हणून सैनिकांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेले.

१९६१मध्ये या विषयाच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना झाली, गुटमान तिचे पहिले अध्यक्ष. १९६३पासून ‘पॅराप्लेजिया’ हे तिचे नियतकालिक निघू लागले. आज ते ‘स्पायनल कॉर्ड’ नावाने चालते. याच नियतकालिकात १९६६ला गुटमान आणि त्यांचे सहकारी हान्स फ्रँकेल यांचा तो निबंध आला. ठरावीक तासांनी नळी घालण्याच्या पद्धतीने हाताळलेल्या ४७६ रुग्णांची हकिगत त्यात होती. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक घरी गेले तेव्हा त्यांची लघवी जंतुरहित होती. १९१७च्या त्या पडद्यामागून पाहिले तर हे वाक्य केवढे आहे, हे वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी गुटमान यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि लवकरच ते केंद्रातून निवृत्त झाले. जॉन वॉल्श यांनी सूत्रे घेतली. १९६९ला फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी इजा किती पुरी, किती अपुरी हे सांगणारी ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मांडली. आज वापरात असलेली अमेरिकन श्रेणी तिच्यावरूनच आली आहे. त्याच साली रुग्णालयाशेजारच्या क्रीडागाराचे उद्‌घाटन राणी एलिझाबेथ यांनी केले.

भारताशी धागा जुळतो तोही या दशकात. १९६५च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर पोचलेले मेजर एच. पी. एस. अहलुवालिया त्याच वर्षीच्या युद्धात कण्याला गोळी लागून खुर्चीला खिळले. स्टोक मँडविलमध्ये त्यांच्यावर उपचार झाले. अशी सोय भारतात का असू नये, या विचारातून पुढे दिल्लीचे इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभे राहिले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर त्याच युद्धात जखमी झाले. कण्यात गोळी घेऊन ते पोहायला शिकले, स्टोक मँडविलच्या स्पर्धांत उतरले आणि १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन आले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले वैयक्तिक सुवर्ण.

१९७०चे दशक : निर्जंतुक की नुसते स्वच्छ?

या दशकातली सर्वांत मोठी घटना स्टोक मँडविलमध्ये घडली नाही. १९७२मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस यांनी छापले, की रुग्णाने साबणाने हात धुऊन, स्वच्छ पण निर्जंतुक नसलेली नळी स्वतःच घातली तरी चालते. त्यांचा तर्क असा : संसर्गाचे मूळ जंतूंपेक्षा ताणलेल्या मूत्राशयात आहे. भिंत ताणली की तिचा रक्तपुरवठा घटतो आणि मग जंतूंचे फावते. वेळेवर रिकामे करा, थोडेफार जंतू शरीर सांभाळून घेईल.

चिमटा, झगा आणि हातमोजे यांवर हयात घालवलेल्या लोकांना हे पचायला वेळ लागला असणार. सुरुवातीला तर जगभरच्या डॉक्टरांनी नाके मुरडली. पण विचार केला तर लॅपिडीस यांनी गुटमान यांचे अर्धे म्हणणेच उचलून धरले होते : नळी आत ठेवू नका, ये-जा करू द्या. फरक फक्त हात कुणाचा एवढाच. डॉक्टरच्या हातातून ते काम रुग्णाच्या हाती आले आणि त्याबरोबर दिवसाचे वेळापत्रकही. सगळ्यात मोठा फायदा स्त्रियांचा झाला. आरसा, छोटी नळी आणि दहा मिनिटांचा आडोसा मिळाला की कचेरीत किंवा लग्नघरी जाता येऊ लागले.

गरीब देशांत तर दुसरी पद्धत परवडणारच नव्हती. मुंबईच्या हाजी अलीला १९५५पासून असलेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था असो, की पुण्याजवळ खडकीचे जवानांचे पॅराप्लेजिक केंद्र, आपल्याकडे ‘सीआयसी’, म्हणजे नुसत्या स्वच्छ नळीने ठरावीक तासांनी मूत्राशय रिकामे करणे, हीच बोली झाली. नळी साबणाने धुवायची, पाण्याने खळबळून घ्यायची, वाळवायची, डब्यात ठेवायची. बाहेरगावच्या एस.टी. प्रवासात डबा पिशवीत असतो. आडोसा मात्र मिळत नाही. म्हणून कित्येक जण आदल्या रात्रीपासून पाणी तोडतात आणि मग लघवीला जळजळ, ताप, मुतखडा. औषधाच्या दुकानात याचा इलाज नाही, तो स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या रुंदीत आहे.

गुटमान यांचा या विषयावरचा मोठा ग्रंथ १९७३ला आला. १८ मार्च १९८० रोजी ते वारले.

१९८० व १९९०ची दशके

जुन्या युद्धकालीन बराकी गळू लागल्या होत्या. सरकारकडे पैसे नव्हते. लोकवर्गणीतून नवी इमारत उभी राहिली आणि १९८३मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या उपस्थितीत तिचे उद्‌घाटन झाले. त्या निधीमोहिमेचा जो प्रसिद्ध चेहरा होता, त्याच्याविषयी त्याच्या मृत्यूनंतर जे उजेडात आले त्याची अधिकृत चौकशी झाली आहे. वर्गणी देणारे हजारो साधे लोक मात्र त्याहून वेगळे होते आणि इमारत त्यांची आहे. १९८४ला अमेरिकेतले एक यजमान विद्यापीठ पैशाअभावी मागे हटले, तेव्हा खुर्चीवरच्या खेळाडूंची पॅरालिम्पिक चार महिन्यांत इथे भरवण्यात आली.

मूत्राशयाच्या बाबतीत ही दशके हिशेब तपासण्याची होती. दाब मोजणारी यंत्रे आली आणि कळले की थापट्या मारून लघवी होते एवढ्यावर समाधान मानून चालत नाही. ती किती दाबाने होते हे पाहायला हवे. काहींची लघवी छान होत होती आणि मूत्रपिंडे हळूहळू बसत होती. अशांना आकसणे शिथिल करणाऱ्या गोळ्या आणि जोडीला नळी, काहींना झडपेचा स्नायू कापण्याची शस्त्रक्रिया. लंडनमध्ये जाइल्स ब्रिंडली यांनी माकडहाडाजवळच्या मज्जामुळांवर विद्युत्-उद्दीपक बसवायला सुरुवात केली होती. बटण दाबले की मूत्राशय रिकामे. पहिल्या रुग्णांची हकिगत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९८२ला ‘पॅराप्लेजिया’तच छापली. यंत्र चालले, पण त्यासोबत मागची मज्जामुळे कापावी लागत. त्यामुळे ज्याला थोडीफार संवेदना उरली आहे तो कचरतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

१९९२ आणि १९९८मध्ये स्टोक मँडविल आणि साउथपोर्ट या दोन केंद्रांच्या जुन्या रुग्णांचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. दुसऱ्याचा आवाका पन्नास वर्षांचा आणि तीन हजारांहून अधिक रुग्णांचा होता. मूत्रसंस्थेमुळे येणारे मृत्यू दशकागणिक घटत गेले, हे त्यांत दिसले. माणसे आता न्युमोनियाने आणि हृदयविकाराने जाऊ लागली होती, म्हणजे जवळपास चारचौघांसारखी.

२००० नंतर आणि आज

२०००मध्ये झुरिकच्या ब्रिगिटे शुर्च आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या स्नायूत बोटुलिनम विष टोचून त्याचा अवेळी आकसण्याचा हट्ट काही महिने मोडता येतो हे दाखवले. सुरकुत्यांसाठी श्रीमंत लोक घेतात तेच हे इंजेक्शन. पॅराप्लेजिक माणसासाठी त्याचा अर्थ रात्रभर कोरडे अंथरूण.

याच काळात प्रश्न विचारण्याची रीत बदलली. डॉक्टर काय मोजतात यापेक्षा रुग्णाला काय हवे आहे? अमेरिकेत किम अँडरसन यांनी २००४ला ६८१ रुग्णांची उत्तरे छापली. चारही हातपाय लुळे असलेल्यांनी हाताची हालचाल सर्वांत वर ठेवली, फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक जीवन. मूत्राशय आणि आतड्यांवर ताबा दोघांच्याही यादीत वर होता. पुन्हा चालता येणे आपल्याला वाटते तितके वर नव्हते. खुर्ची पाहून आपण पायांबद्दल हळहळतो. खुर्चीत बसलेल्याची काळजी वेगळीच असते.

आज केंद्रात सेंट फ्रान्सिस नावाचा मुलांचा वॉर्ड आहे. दहा-बारा वर्षांचे मूल स्वतः नळी घालायला शिकते, शाळेत कुठल्या तासाला बाहेर जायचे हे शिक्षकांशी ठरवले जाते. २०१८पासून आवारात ‘होरेशिओज गार्डन’ ही खाटेसकट फिरता येईल अशी बाग आहे. शेजारी २०१९पासून पॅरालिम्पिक वारशाचे संग्रहालय आहे आणि २०२४च्या पॅरिस स्पर्धेची वारसा ज्योत इथेच पेटवली गेली.

रुग्णाशी केंद्राचे नाते घरी सोडल्यावर संपत नाही. ठरावीक काळाने बोलावून मूत्रपिंडांची सोनोग्राफी, दाबाची तपासणी, खडे झालेत का हे पाहणे चालू राहते. लघवीत नुसते जंतू दिसले आणि ताप नाही, तर अँटिबायोटिक द्यायचे नाही, हे रुग्णाला आणि गावच्या डॉक्टरला पुनःपुन्हा सांगावे लागते. वाटेल तेव्हा घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निगरगट्ट झाले आहेत.

येणारे रुग्णही बदलले आहेत. तरुण सैनिक आता थोडे, घरात घसरून पडलेले सत्तरीतले लोक बरेच. आणि चाळीस-पन्नास वर्षे खुर्ची ढकलून ज्यांचे खांदे झिजले, बोटांची पकड सुटली, असे जुने रुग्ण. त्यांना दिवसातून पाच वेळा खुर्चीतून उतरून नळी घालणे झेपत नाही. अशांपुढे केंद्रातले डॉक्टर सगळे पर्याय मांडतात आणि बरेच जण ओटीपोटातून मूत्राशयात घातलेली कायमची नळी पसंत करतात. १९४४ला वॉर्ड एक्समध्ये जी नळी काढून टाकण्यापासून कामाला सुरुवात झाली, तीच. आता ती सिलिकॉनची असते, ठरल्या दिवशी बदलली जाते, वर्षानुवर्षे आत राहिली तर कर्करोगाच्या शक्यतेवर लक्ष ठेवले जाते आणि मुख्य म्हणजे ती रुग्णाने स्वतः मागून घेतलेली असते. पॉपांना हे कितपत रुचले असते कुणास ठाऊक. तक्ता मात्र त्यांनी आधी मागितला असता.